सिगारेट, दारू आणि मोठं आतडं: आपला हिशेब कसा मांडायचा आणि पुढे काय करायचं

मी एंडोस्कोपी विभागात सिस्टर आहे. कोलोनोस्कोपीला, म्हणजे लोकांच्या भाषेत 'खालून दुर्बीण टाकायला', आलेल्या माणसाला आत घेण्याआधी त्याची माहिती लिहून घेणं हे माझं काम. नाव, वय, चालू गोळ्या, कसली ॲलर्जी. इथपर्यंत उत्तरं भराभर येतात. मग मी सिगारेट आणि दारू विचारते. "कधीतरी." "फार नाही." "मित्र भेटले तर बसतो." शेजारी घरचं कुणी उभं असेल तर एवढंही ऐकू येत नाही, नुसती मान हलते.

'कधीतरी' या उत्तरावरून डॉक्टरांना काही ठरवता येत नाही. आणि माझं निरीक्षण असं आहे की, बहुतेक जण लपवत नसतात, त्यांनी कधी मोजलेलंच नसतं. म्हणून हे लिहिते आहे. मोजायचं कसं, मोजल्यावर काय करायचं, सोडताना पोटाचं काय होतं आणि तपासणी कधी करायची, हे ज्या क्रमाने मी समोर बसलेल्या माणसाला सांगते त्याच क्रमाने.

धूर फुप्फुसात जातो, मग आतड्याचा काय संबंध?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो. तंबाखूच्या धुरात हजारो रसायनं असतात आणि त्यातली सत्तरहून अधिक कॅन्सर घडवणारी आहेत. ती फुप्फुसातून रक्तात उतरतात आणि रक्त सगळीकडे जातं, आतड्याच्या अस्तरालाही. शिवाय काही भाग लाळेबरोबर गिळला जातो. परिणाम लगेच दिसत नाही, दशकं लागतात. बहुधा त्यामुळेच हा संबंध सिद्ध व्हायलाही वेळ लागला. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने 2009 मध्ये पुरावे तपासून धूम्रपानाने मोठ्या आतड्याचा कॅन्सर होतो असा निर्वाळा दिला, आणि अमेरिकेच्या सर्जन जनरलच्या, म्हणजे तिथल्या सरकारच्या प्रमुख आरोग्य अधिकाऱ्याच्या, 2014 च्या अहवालातही तेच आलं.

दारूची वाट वेगळी. पोटात गेलेल्या अल्कोहोलचं शरीर आधी ॲसिटाल्डिहाइड करतं आणि मग त्याचं निरुपद्रवी ॲसिटेट. मधला ॲसिटाल्डिहाइड विषारी असतो, तो पेशींच्या डीएनएला इजा करतो. हे काम एकटं यकृत करतं असा समज आहे. पण मोठ्या आतड्यात राहणारे जिवाणूसुद्धा रक्तातून तिथे पोचलेल्या अल्कोहोलचं ॲसिटाल्डिहाइड करतात, आणि त्याचा निचरा करण्याची आतड्याच्या अस्तराची ताकद तोकडी असते. म्हणजे विष तिथेच तयार होतं आणि तिथेच रेंगाळतं. भरीला दारूमुळे फोलेट हे जीवनसत्त्व शरीराला नीट वापरता येत नाही, आणि डीएनएच्या दुरुस्तीला ते लागतं. (यावर "मग फोलिक ॲसिडची गोळी घेऊन पितो" असं म्हणणारेही भेटतात. गोळीने ॲसिटाल्डिहाइड कमी होत नाही.)

आता आकडे. धूम्रपान करणाऱ्यांना आतड्याच्या कॅन्सरचा धोका कधीच न करणाऱ्यांपेक्षा साधारण 15 ते 20 टक्क्यांनी जास्त असतो. दारूचं म्हणाल तर रोजच्या सरासरी 10 ग्रॅम अल्कोहोलमागे धोका सुमारे 7 टक्क्यांनी चढतो, आणि रोज 30 ग्रॅमच्या वर गेल्यावर पुरावा अगदी ठाम आहे. फुप्फुसाच्या कॅन्सरशी तुलना केली तर हे आकडे लहान वाटतील. पण हा आजार दुर्मीळ नाही. 2022 मध्ये जगभरात मोठ्या आतड्याच्या आणि गुदाशयाच्या कॅन्सरचे 19 लाखांहून अधिक नवे रुग्ण आढळले आणि सुमारे 9 लाख माणसं त्याने गेली. कॅन्सरच्या मृत्यूंमध्ये हा दुसऱ्या क्रमांकावर आहे. एवढ्या सर्रास होणाऱ्या आजारात ओढणाऱ्यांचा धोका 15 टक्क्यांनी जरी वाढला तरी खूप माणसं होतात.

शिवाय कॅन्सरच्या आधीची पायरी बघा. बहुतेक वेळा सुरुवात पॉलिपने होते, म्हणजे अस्तरावर आलेली छोटी वाढ. सगळ्या पॉलिपचा कॅन्सर होत नाही, पण ज्यांचा होतो त्यांना साधारण दहा वर्षं लागतात. धूम्रपान करणाऱ्यांत पॉलिप आढळण्याचं प्रमाण जवळपास दुप्पट असतं. मला याच दहा वर्षांबद्दल बोलायचं आहे, कारण एवढी मुदत देणारे कॅन्सर फार थोडे आहेत.

कागद-पेन घ्या आणि मोजा

सिगारेट मोजायला पॅक-वर्ष हे माप आहे. रोजच्या सिगारेटींना 20 ने भागायचं आणि किती वर्षं ओढता त्या संख्येने गुणायचं. रोज 12 सिगारेट, 25 वर्षं: 12 भागिले 20, गुणिले 25, म्हणजे 15 पॅक-वर्षं. पाकीट दहाचं असलं तरी हिशेब वीसनेच करायचा, त्यामुळे पाकिटं मोजू नका, सिगारेटी मोजा. मध्ये दोन वर्षं सोडली होती तर ती वजा करा. कॉलेजात रोज चार आणि नोकरीत पंधरा असं असेल तर दोन तुकडे वेगळे काढून बेरीज करा. लाइट आणि फिल्टर यांना सूट नाही, त्याही पूर्ण धरायच्या.

दारूसाठी पेग मोजू नका, ग्रॅम मोजा. पेग ही फार फसवी गोष्ट आहे, घरी ओतलेला आणि मापाने ओतलेला यांत बराच फरक असतो. सूत्र असं: किती मिली, गुणिले बाटलीवर लिहिलेले टक्के, भागिले 100, गुणिले 0.8. 40 टक्क्यांच्या व्हिस्कीचा 60 मिलीचा पेग म्हणजे जवळपास 19 ग्रॅम. 5 टक्क्यांच्या बिअरचा 330 मिलीचा कॅन 13 ग्रॅम. 12 टक्के वाइनचा 150 मिलीचा ग्लास 14 ग्रॅम. आणि 8 टक्क्यांच्या स्ट्राँग बिअरची 650 मिलीची बाटली? 41 ग्रॅमच्याही वर, म्हणजे व्हिस्कीच्या दोन मोठ्या पेगांहून जास्त. "मी हार्ड घेत नाही, नुसती बिअर" हे वाक्य ऐकलं की मी हे गणित समोर करून दाखवते. इथेनॉल सगळीकडे एकच आहे. रेड वाइनने आतडं सुरक्षित राहत नाही.

मग आठवड्याची बेरीज करून सातने भागा. समजा, शनिवारी चार मोठे पेग आणि आठवड्यात दोन दिवस एकेक स्ट्राँग बिअर. 77 अधिक 83, एकूण 160 ग्रॅम, म्हणजे रोजची सरासरी 23. आठवड्यात तीनच दिवस पिणारा हा माणूस ठाम पुराव्याच्या 30 ग्रॅमच्या रेषेपासून फार लांब नाही. आणि 30 च्या खाली सगळं माफ, असंही नाही. 2023 च्या जानेवारीत जागतिक आरोग्य संघटनेने स्पष्टच सांगितलं की आरोग्याला सुरक्षित म्हणता येईल असं दारूचं कुठलंही प्रमाण नाही.

हे दोन आकडे, पॅक-वर्षं आणि रोजचे ग्रॅम, फोनमध्ये लिहून ठेवा आणि कुठल्याही डॉक्टरांनी विचारलं की वाचून दाखवा. घरच्यांसमोर बोलायचं नसेल तर "मला एकट्याशी बोलायचंय" म्हणा. आम्ही सोबतच्या माणसाला बाहेर थांबायला सांगतो, त्यात कुणालाच वावगं वाटत नाही. खरं उत्तर त्याच दिवशीही उपयोगी पडतं: रोज बरीच दारू घेणाऱ्याला झोपेच्या इंजेक्शनचा नेहमीचा डोस अनेकदा पुरत नाही, आणि सिगारेट ओढणाऱ्याच्या छातीत कफ जास्त असतो, त्यामुळे त्याच्या ऑक्सिजनवर अधिक लक्ष ठेवावं लागतं.

सिगारेट सोडताना पोट अडेल, त्याची तयारी आधी करा

सिगारेट सोडण्याबद्दल भरपूर लिहिलं जातं, पण आतड्याचं मात्र कुणी सांगत नाही. "सकाळची एक ओढल्याशिवाय मला होतच नाही" असं सांगणारे पुष्कळ असतात. ते खरंच आहे. निकोटिनमुळे आतड्याची हालचाल वाढते. ते बंद झालं की अनेकांना पहिल्या दोनेक आठवड्यांत बद्धकोष्ठ होतं, पोट गच्च राहतं, चिडचिड वाढते. मग चौथ्या-पाचव्या दिवशी माणूस तलफेने नव्हे, पोटासाठी म्हणून एक ओढतो, आणि झालं.

म्हणून सोडण्याच्या आठवडाभर आधीपासून पोटाची सोय लावा. आहारातला चोथा हळूहळू वाढवा, पाणी वाढवा. गरज वाटली तर इसबगोल सुरू करा, पण भरपूर पाण्याबरोबरच, नाहीतर उलट अडतं. सकाळी उठल्यावर काहीतरी गरम प्या आणि अर्ध्या तासाने, होवो न होवो, रोज त्याच वेळी संडासला जाऊन बसा. कमोड असेल तर पायाखाली छोटं स्टूल घ्या, म्हणजे गुडघे कमरेच्या वर येतात आणि जोर कमी लागतो. कुंथत बसू नका, पाच-दहा मिनिटांत उठा. फोन बाहेर ठेवा. काही आठवड्यांत आतडं आपली लय धरतं. त्यानंतरही सुरळीत झालं नाही किंवा मध्ये कधी रक्त दिसलं, तर "सिगारेट सोडल्यामुळे असेल" म्हणून गप्प बसायचं नाही, दाखवायचं.

तलफेसाठी निकोटिनचा च्युइंगम घेणार असाल तर तो नेहमीच्या च्युइंगमसारखा चघळायचा नसतो. बहुतेक जण तसाच चघळतात, मग मळमळतं, उचकी लागते आणि "मला सोसत नाही" म्हणून तो फेकतात. सावकाश चावा. तोंडात तिखट, झिणझिण्या आल्यासारखं वाटलं की थांबा आणि तो गालाच्या आणि हिरडीच्या मध्ये दाबून ठेवा. चव गेली की पुन्हा दोन-चारदा चावा, पुन्हा ठेवा, या वेळी दुसऱ्या बाजूला. अर्धा तास असं चालतं. निकोटिन गालाच्या आतल्या त्वचेतून रक्तात जायला हवं, गिळून उपयोग नाही. घेण्याआधी पंधरा मिनिटं कॉफी किंवा आंबट पेय नको, त्याने निकोटिन शोषलं जात नाही. सकाळी उठल्यापासून अर्ध्या तासाच्या आत पहिली सिगारेट लागत असेल तर 4 मिलिग्रॅमचा, नाहीतर 2 चा. नुसत्या च्युइंगमने भागत नसेल तर अंगाला लावायचा पॅच आणि वरून गरजेला च्युइंगम, ही जोडी एकट्या कुठल्याही एकापेक्षा चांगलं काम करते. व्हरेनिक्लिनसारख्या गोळ्याही आहेत, त्या डॉक्टरांनी लिहून दिल्या तरच. हृदयाचा त्रास असेल किंवा गरोदरपण असेल तर यातलं काहीही विचारल्याशिवाय घेऊ नका.

निकोटिनच्या तलफेचा जोर काही मिनिटं टिकतो आणि पहिला आठवडा सगळ्यात कठीण जातो. या आठवड्यात दारू पूर्ण बाजूला ठेवा, असा माझा आग्रह असतो. दोन पेग झाल्यावर निश्चय सैल पडतो आणि शेजारच्याचं पाकीट समोरच असतं. सोडलेली सिगारेट परत सुरू झाली ती कुठे, असं विचारलं की उत्तर बहुतेक वेळा 'बसलो होतो तेव्हा' असंच मिळतं.

दारू कमी करण्याआधी एक गोष्ट तपासा

रोज भरपूर पिणाऱ्याने एका रात्रीत स्वतःच्या मनाने बंद करू नये. हे मी अगदी कळकळीने सांगते. सकाळी हात थरथरतात का? दोन घोट घेतल्यावर थरथर थांबते का? पूर्वी कधी बंद केल्यावर घाम, उलट्या, भास किंवा फिट आली होती का? यातल्या एकाचंही उत्तर 'हो' असेल तर आधी डॉक्टरांकडे जा. अचानक थांबवल्यावर पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते आणि त्याच्या पुढेमागे माणूस भ्रमात जाऊ शकतो, त्यात जीवही जातो. औषधांच्या आधाराने आणि थायमिनचं, म्हणजे बी-1 जीवनसत्त्वाचं, इंजेक्शन देऊन हेच काम सुरक्षितपणे होतं.

बाकीच्यांनी ग्रॅमच्या हिशेबानेच उतरावं. बाटलीतून अंदाजाने ओतणं बंद करून मापाने घ्या, स्ट्राँग सोडून कमी टक्क्यांचं घ्या, पिण्याच्या दिवसांतला एक दिवस कमी करा, आणि दर रविवारी बेरीज पुन्हा मांडा. दारू सोडल्यावर तोंडाच्या आणि अन्ननलिकेच्या कॅन्सरचा धोका उतरतो याचा पुरावा भक्कम आहे. आतड्याच्या बाबतीत तो अजून मर्यादित आहे. तरीही मी सोडायलाच सांगते, कारण दारू थांबली की ॲसिटाल्डिहाइड थांबतो, आणि वर सांगितलेलं दारूचं बरंचसं नुकसान तिथूनच तर सुरू होतं.

'मूळव्याधच असेल' म्हणू नका

पिणाऱ्याला पातळ होणं नवीन नसतं आणि ओढणाऱ्याला पोटाच्या वेळा बदलणं नवीन नसतं. त्यामुळे या दोघांची लक्षणं सवयीच्या खाती जमा होतात आणि तिथेच राहतात. शौचातून रक्त, तीन आठवड्यांहून जास्त काळ बदललेली सवय, जाऊन आल्यावरही पूर्ण न झाल्यासारखं वाटणं, कारण नसताना उतरणारं वजन. यातलं काहीही असेल तर दाखवा. मूळव्याध असेलही, पण मूळव्याध असलेल्या माणसाला कॅन्सर होत नाही असं कुठे आहे?

आतड्याच्या उजव्या बाजूच्या गाठीत तर रक्त डोळ्यांना दिसतच नाही. थोडं थोडं झिरपत राहतं आणि माणूस फक्त थकतो. पुरुषाचं किंवा पाळी गेलेल्या बाईचं हिमोग्लोबिन लोहाच्या कमतरतेने खाली आलं असेल, तर लोहाच्या गोळ्या सुरू करून थांबू नका. रक्त जातंय कुठून, हे शोधलंच पाहिजे.

तपासणी, आणि ओढणाऱ्यांनी पोट जास्त नीट साफ का करायचं

काही त्रास नसेल तरी 45 व्या वर्षी तपासणीबद्दल डॉक्टरांशी बोला. काही देशांत 45 ला सुरुवात होते, काही ठिकाणी 50 ला. आईवडील, भाऊ-बहीण किंवा मुलांपैकी कुणाला हा कॅन्सर झाला असेल तर चाळिशीत, किंवा त्यांना ज्या वयात झाला त्याच्या दहा वर्षं आधी, जे लवकर असेल तेव्हा. सुरुवातीला शौचातलं न दिसणारं रक्त शोधणारी 'फिट' नावाची चाचणी करता येते. तिला पथ्य लागत नाही, नमुना घरीच घ्यायचा, आणि ती दर एक-दोन वर्षांनी करायची. पॉझिटिव्ह आली की "पुन्हा एकदा करून बघू" म्हणायचं नाही, थेट दुर्बीण.

धूम्रपान करणाऱ्यांत पॉलिपचा एक प्रकार जास्त आढळतो, त्याला सेरेटेड पॉलिप म्हणतात. नेहमीचा पॉलिप स्क्रीनवर वर आलेला, गोल, लालसर असा दिसतो. हा मात्र चपटा असतो, रंगही आजूबाजूच्या अस्तरासारखाच, आणि अनेकदा वर पिवळसर चिकट थर असतो. बघणाऱ्याला वाटतं, मळाचा शिंतोडा राहिलाय. डॉक्टर तिथे पाण्याचा फवारा मारतात, थर निघतो, आणि खाली दिसणाऱ्या कडा कळतील न कळतील अशा. मग मी रंगाचं इंजेक्शन भरून देते, जागा फुगवली जाते आणि तो अख्खा काढला जातो. दुखत नाही, अस्तराच्या त्या थराला वेदना कळत नाही. आता हाच पॉलिप अर्धवट साफ झालेल्या आतड्यात कसा सापडणार? खऱ्या मळाच्या दहा शिंतोड्यांत तो अकरावा.

म्हणून साफसफाईचं औषध अर्धं पिऊन "पाणीच होतंय, झालं असेल" म्हणून सोडू नका. आदल्या संध्याकाळचा एक भाग आणि तपासणीच्या काही तास आधीचा दुसरा, असं दोनदा सांगितलं असेल तर दुसरा भाग पहाटे उठून घ्याच, उजवी बाजू त्यानेच साफ होते. शेवटी लघवीसारखं पिवळं, पारदर्शक पाणी यायला हवं. गढूळ येत असेल तर निघण्याआधी विभागात फोन करून सांगा. लोहाच्या गोळ्या साधारण आठवडाभर आधी थांबवाव्या लागतात, त्याने मळ काळा आणि चिकट होतो. लाल रंगाचं पेय नको, आत ते रक्तासारखं दिसतं. आदल्या दिवशी दारू अजिबात नको, आधीच शरीरातलं पाणी कमी होत असतं.

गाठ निघालीच आणि ऑपरेशन ठरलं तर "आता सोडून काय उपयोग" हे मनात आणू नका. कापून जोडलेलं आतडं सुटण्याचा, गळती होण्याचा धोका सिगारेटने आणि जास्त दारूने वाढतो. ऑपरेशनच्या चार आठवडे आधी दोन्ही थांबवता आलं तर जखम भरायला मदत होते, आणि सर्जनला ते आवर्जून सांगा.

पॉलिप निघून घरी गेलात तर बायोप्सीचा रिपोर्ट आल्यावर चार गोष्टी विचारून घ्या: किती होते, सगळ्यात मोठा किती मिलिमीटर, प्रकार कोणता, आणि आतडं किती साफ होतं. साफसफाईला बहुतेक ठिकाणी 9 पैकी गुण देतात, 6 किंवा त्याहून जास्त आणि आतड्याच्या उजव्या, मधल्या, डाव्या अशा तिन्ही भागांना किमान 2-2 असतील तर तपासणी विश्वासाची. एक-दोन लहान, साधे पॉलिप असतील तर पुढची दुर्बीण बरीच वर्षं लांब असते. सेरेटेड आणि 10 मिलिमीटर किंवा त्याहून मोठा असेल तर साधारण तीन वर्षांनी बोलावतात. ती तारीख रिपोर्टवर लिहून घ्या आणि रिपोर्टचा फोटो घरातल्या आणखी एकाच्या फोनमध्ये ठेवा.